कुंभक वर्ज्य

काशीस गेलेला मराठी यात्रेकरू मणिकर्णिकेहून पंचगंगेकडे नावेने निघाला, की वाटेत त्याला किल्ल्याच्या तटासारखी एक उंच दगडी इमारत दिसते. भिंत जवळजवळ सपाट. अगदी वरच्या अंगास लहान लहान खिडक्या. आणि पायथ्याशी थेट गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या. हा भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला, आणि तेथे त्यांचेच लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. येथून पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूस गेले, तर पिढ्यान्‌पिढ्या काशीवासी झालेल्या मराठी कुटुंबांची घरे लागतात. त्या घरांतील मुलांची मातृभाषा मराठी, शाळेची भाषा हिंदी, आणि पोहण्याची शाळा म्हटली तर गंगा.

या घाटांवर बुडी मारावयास कोणी शिकवीत नाही. यात्रेकरूने श्रद्धेने पाण्यात नाणे टाकावे आणि ते तळाशी पोहोचण्यापूर्वीच एखाद्या पोराने त्याच्यामागे सूर मारावा, हे दृश्य जुने आहे. मल्लाह व निषाद यांच्या मुलांना तर पाणी हेच अंगण. छाती भरून श्वास घ्यावयाचा, ओठ घट्ट मिटावयाचे आणि खाली जावयाचे. कोण किती वेळ खाली राहतो यावर त्याची योग्यता ठरते. ‘दम किती आहे’ हीच येथली परीक्षा. काठावर संध्येस बसलेला एखादा वृद्ध पूरक, कुंभक आणि रेचक असा प्राणायाम करीत असेल, तर त्यातील कुंभक म्हणजे श्वास रोखून धरण्याची क्रिया ही पोरे पाण्याखाली अजाणता करीत असतात.

समजा, अशा घाटावर वाढलेला एखादा मराठी तरुण स्कूबा शिकण्यासाठी समुद्रकाठी गेला. स्कूबा म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन, पाण्याखाली श्वास घेत पोहणे. पोहण्याच्या चाचणीत तो सर्वांच्या पुढे असेल. पाण्याची भीती त्याच्या गावीही नसेल. तरीही पहिल्याच दिवशी त्याला जो नियम सांगितला जातो, तो त्याच्या लहानपणापासूनच्या साऱ्या अभ्यासाच्या नेमका उलट असतो. श्वास कधीही रोखू नका. घेत राहा, सोडत राहा. जगातील कोणत्याही स्कूबा-शाळेत पहिला नियम हाच, आणि नवशिक्याच्या प्रमाणपत्रासाठी जे जे शिकविले जाते त्यातील बराचसा भाग हा एक नियम अंगवळणी पाडण्यासाठीच असतो.

हे असे का, हे समजून घेणे कठीण नाही. पण समजून घेतल्यावाचून मात्र पाण्यात उतरू नये.

आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे त्याच्या दाबास आपण एक वातावरण म्हणतो. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीस तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे १० मीटरांवर दाब दुप्पट, २० मीटरांवर तिप्पट. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केलेला असतो : दाब वाढला की त्याच प्रमाणात वायूचे आकारमान घटते. घाटावरचा मुलगा वरची हवा छातीत भरून खाली जातो. पाण्याच्या दाबाने ती आक्रसते, आणि तो वर आला की पूर्वीइतकीच होते. फुप्फुसात जेवढी हवा नेली त्याहून अधिक ती कधीच होत नाही. म्हणून त्याचा कुंभक त्याला बाधत नाही.

टाकीतून श्वास घेणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचे यंत्र त्याला भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरविते. नाही तर त्या खोलीवर छाती फुगविणेच अशक्य होईल. १० मीटरांवर घेतलेल्या एका पूर्ण श्वासात पृष्ठभागावरच्या दोन श्वासांइतकी हवा असते. हा श्वास रोखून तो माणूस घाबरून झपाट्याने वर निघाला, तर छातीतील हवा प्रसरण पावू लागते आणि बाहेर पडावयास मार्ग न मिळाल्याने फुप्फुसाचे नाजूक पडदे फाडते. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. पोहण्याच्या तलावाच्या खोलीतही हे घडू शकते. दचकलेला मनुष्य नैसर्गिकपणे काय करतो? श्वास रोखतो. म्हणूनच केवळ नियम ऐकून भागत नाही, तो हाडीमांसी खिळवावा लागतो.

ज्या यंत्रामुळे हे सारे शक्य झाले ते फार जुने नाही. फ्रेंच नौदलातील अधिकारी झाक कूस्तो आणि एमिल गान्यां नावाचा अभियंता यांनी १९४३ मध्ये, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, ते सिद्ध केले. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवाव्या लागत; त्यासाठी गान्यांने केलेल्या झडपेतच फेरफार करून ही श्वसनाची झडप तयार झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की पाणबुड्या श्वास ओढील तेव्हाच ती हवा सोडते आणि तीही त्या खोलीच्या दाबानुसार. तिलाच रेग्युलेटर म्हणतात. तत्पूर्वीच्या पाणबुड्याला शिसे लावलेले बूट व तांब्याचे शिरस्त्राण घालून नावेवरील पंपाच्या नळीस बांधलेल्या गुरासारखे राहावे लागे.

येथे एका शब्दाबद्दल थोडेसे. पाणबुड्या ‘पाठीवर ऑक्सिजनचे नळकांडे बांधून’ उतरला, असे वृत्तपत्रांतून सर्रास छापले जाते. भाषांतराच्या व्यवसायात असलेल्या माणसास हे वाक्य विशेष खटकते, कारण त्यातील चूक निरुपद्रवी नाही. टाकीत असते ती आपण सारे घेतो तीच साधी हवा, गाळून, कोरडी करून व दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा-सात मीटरांखाली गेल्यास झटके येऊन शुद्ध हरपण्याचा धोका असतो. १२ लिटरची टाकी २०० वातावरणे दाबाने भरली, तर तीत सुमारे २,४०० लिटर हवा मावते. मिनिटास २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. १० मीटरांवर एक तास. आणि १८ मीटरांवर पाऊण तासही नाही. त्यातूनही काही साठा राखून वर यावयाचे असते. हे त्रैराशिक शिकाऊ उमेदवाराकडून सोडवून घेतले जाते ते हौस म्हणून नव्हे.

महाराष्ट्रात हे शिक्षण घेण्याचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मालवणजवळचे तारकर्ली. कर्ली नदी देवबागेपाशी समुद्रास मिळते, तिच्या अलीकडचा हा किनारा. समोर कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ पासून तीन वर्षांत उभारलेला सिंधुदुर्ग, आणि त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ. १९८७ मध्ये या भागास सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा व जलक्रीडा यांची एक संस्था स्थापन केली असून, तीत या विद्येसाठी खास बांधलेला तलाव आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव या संस्थेशी निगडित आहे. मालवणच्या मच्छीमार कुटुंबांतील अनेक तरुण आता याच व्यवसायात आहेत. ज्या खडकांना वडील जाळे अडकेल म्हणून टाळीत, तेच खडक मुलगा पाहुण्यांस हौसेने दाखवितो.

तथापि मालवणास जाऊन ‘स्कूबा केले’ असे सांगणारे सहस्रावधी लोक आणि प्रमाणपत्रधारक पाणबुडे यांत महदंतर आहे. सुटीत आलेल्या कुटुंबाला जे मिळते ती केवळ चव असते. थोडी माहिती, मग वाटाड्याने टाकीला धरून काही मिनिटे खाली नेऊन आणणे, माशांबरोबर एक छायाचित्र. पोहता येत नसले तरी चालते, कारण सारी जबाबदारी वाटाड्याची. यात गैर काही नाही. जगभर असे चालते. परंतु त्यानंतर हाती पडणारा सहभागाचा कागद हा परवाना नव्हे, आणि ‘मला येते’ असे त्यावरून समजणे जिवावर बेतू शकते.

प्रमाणपत्र देणाऱ्या संघटना अनेक आहेत. ब्रिटनमधील सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ मधला, कूस्तो ज्याचा पहिला अध्यक्ष होता तो जागतिक संघ १९५९ मधला. आपल्याकडे अधिक आढळते ती १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली ‘पाडी’. तिच्या पहिल्या पायरीस ‘ओपन वॉटर डायव्हर’ म्हणतात. इतरांचे अभ्यासक्रम तपशिलात निराळे असले तरी सार तेच.

वयाची अट दहा वर्षे पूर्ण. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना १२ मीटरांहून खोल जाता येत नाही, आणि तेही पालक, पालकांनी नेमलेला प्रमाणपत्रधारक प्रौढ किंवा शिक्षक बरोबर असेल तरच. प्रथम प्रकृतीविषयी एक प्रश्नपत्रक भरावे लागते. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया यांसारखे काही असेल, तर डॉक्टरांची लेखी संमती हवी; गर्भवती स्त्रियांनी उतरूच नये. आपल्याकडे अशी पत्रके ‘नाही, नाही, नाही’ असे उभ्या रांगेत भरून देण्याची जी पद्धत आहे, ती येथे कृपा करून सोडावी. बालपणीचा दमा लपवून नोकरी मिळू शकेल. पाण्याला मात्र तो लपविता येत नाही.

पोहण्याची चाचणी फारशी अवघड नाही. न थांबता २०० मीटर, कोणत्याही पद्धतीने, वेळेचे बंधन नाही. आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे. घाटावरच्या मुलास हे हसण्यावारी वाटेल. पुढे काही तासांचा पुस्तकी अभ्यास व एक लेखी परीक्षा असते. तिच्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. मॅट्रिकपर्यंतचे पदार्थविज्ञान आठवत असले की पुरे.

खरी कसोटी लागते ती तलावात.

पाण्यात गुडघे टेकून बसावयाचे, रेग्युलेटर तोंडातून काढावयाचा, आणि तो पुन्हा शोधून तोंडात घालावयाचा. हे काही क्षण श्वास घेता येत नाही. म्हणून काय, श्वास रोखावयाचा? नाही. ओठांतून बारीक बुडबुडे सोडीत राहावयाचे. येथेच मोठमोठे पोहणारे अडखळतात. ज्यास पोहणे बेताचे येते त्याने कुंभकाचा अभ्यास केलेला नसतो, त्यामुळे त्याला विसरावयाचेही काही नसते. पट्टीच्या पोहणाऱ्याचे ओठ मात्र आपोआप मिटतात.

त्याहून अधिक जणांना जेरीस आणणारा धडा म्हणजे मास्कचा. डोळे व नाक झाकणाऱ्या या काचेच्या मुखवट्यात मुद्दाम पाणी भरू द्यावयाचे. नाकाशी पाणी खेळत असताना तोंडाने शांतपणे श्वास घेत राहावयाचा, मग मास्कची वरची कड कपाळाशी दाबून, मान किंचित वर करून, नाकाने जोरात श्वास सोडावयाचा. हवा वर जमते व पाणी खालून निघून जाते. सांगावयास दोन वाक्ये लागतात. परंतु नाकात पाणी गेले की उसळी मारून वर येणे ही शरीराची इतकी जुनी खोड आहे, की ती मोडताना चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसांची तारांबळ उडते. शिक्षक यासाठी वेळ देतात, आणि द्यावाच. घाई करणारा शिक्षक भेटला, तर शिष्याने ‘अजून एकदा करून पाहतो’ असे म्हणण्यात कमीपणा मानू नये.

कानांचीही निगा शिकवितात. विमानात किंवा घाट उतरताना कानात दडे बसतात तोच प्रकार येथे अधिक तीव्रतेने होतो, आणि तो पहिल्या काही मीटरांतच. दुखण्यापूर्वीच नाक चिमटीत धरून हळूच फुंकावयाचे. सर्दी झाली असेल, तर त्या दिवशी काठावर बसून राहावे.

मग येतो या विद्येतील सर्वांत रम्य भाग : अधांतरी राहणे. अंगातील जाकिटात हवा कमी-अधिक करून, कमरेच्या वजनाचा तोल साधून, मनुष्य ना वर जाई ना खाली अशा अवस्थेत येतो. आता त्याचा श्वासच त्याचे सुकाणू. सावकाश घेतला की तो वीतभर वर सरकतो, सावकाश सोडला की तेवढाच खाली येतो. हे साधलेल्या माणसाचे पाय प्रवाळाला लागत नाहीत. न साधलेला प्रत्येक पाहुणा मालवणच्या खडकांवर काही ना काही मोडून जातो. प्रवाळ फार सावकाश वाढते, हे त्याच्या ध्यानीही नसते.

तलावानंतर समुद्रात चार बुड्या. पहिल्या दोन १२ मीटरांपर्यंत, पुढल्या फार तर १८ मीटरांपर्यंत. येथे सगळेच बदलते. वस्तू जवळ व सुमारे एक-तृतीयांश मोठ्या भासतात. ध्वनी हवेपेक्षा चौपट वेगाने येतो, त्यामुळे नावेच्या यंत्राचा आवाज नेमका कोठून येत आहे ते कळत नाही. तांबडा रंग सर्वांआधी नाहीसा होतो. कपाळावरचे कुंकू तेथे काळपट दिसेल. बोलण्याची सोय नसल्याने सारा व्यवहार खुणांनी. अंगठा व तर्जनी जुळवून आपल्या ज्ञानमुद्रेसारखी मुद्रा केली, तर ‘ठीक आहे’. नुसता अंगठा वर केला, तर मात्र ‘वर चला’. सारे छान आहे असे सांगण्याच्या हेतूने अंगठा दाखविणारा नवशिका आपल्या सोबत्याला विनाकारण वर घेऊन येतो. सोबती हवाच. एकट्याने उतरावयाचे नाही. एकमेकांची टाकी, पट्टे व झडपा तपासूनच उडी घ्यावयाची, आणि एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या जादा रेग्युलेटरवर दोघांनी मिळून वर यावयाचे.

आणि तोही नसेल तर? त्याचाही अभ्यास असतो. सहा ते नऊ मीटरांवरून, रेग्युलेटर तोंडातच ठेवून, एकाच श्वासात, ‘आऽऽऽ’ असा संथ स्वर काढीत वर यावयाचे. स्वर निघत आहे याचा अर्थ हवा बाहेर पडत आहे. वर येता येता छातीतील हवा प्रसरण पावत असते, त्यामुळे श्वास पुरतो. संपेल असे वाटते, पण संपत नाही. पूरक नाही, कुंभक नाही, नुसता एक लांबलचक रेचक. घाटावरच्या तरुणाला हे एकदा जमले, की त्याचे शिक्षण पूर्ण होत आले असे समजण्यास हरकत नाही.

वर येण्याची गतीही मोजकी हवी. खोल पाण्यात हवेतील नायट्रोजन रक्तात अधिक विरघळतो. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच एकदम काढले की फेस उसळतो. सावकाश काढले तर नाही. म्हणून पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबून मग वर यावयाचा प्रघात आहे. फ्रान्समधील पॉल बेर याने १८७८ मध्ये या व्याधीचे मूळ दाखविले आणि इंग्लंडमधील जॉन हाल्डेन याने १९०८ मध्ये तीवर उपाय म्हणून वर येण्याची कोष्टके सिद्ध केली. आज मनगटावरच्या घड्याळाएवढा संगणक तेच काम करतो.

याच कारणास्तव एका बुडीनंतर १२ तास, आणि अनेक बुड्या झाल्या असल्यास १८ तास, विमानात बसू नये असा दंडक आहे. विमानाचे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु मालवणहून बेळगाव-कोल्हापूरकडे परतणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक लक्षात ठेवावे : आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर आहे, आणि सुमारे ६०० मीटरांहून अधिक उंचीस तोच दंडक लागू होतो. सकाळी समुद्रतळ पाहून दुपारी आंबोलीचा धबधबा पाहावयाचा बेत आकर्षक खरा, पण तो दोन दिवसांत विभागावा.

आणखी एका बाबतीत सावध राहावयास हवे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. तो अपघात बुडीचा नव्हता, नौकेचा होता. शिक्षकाचा परवाना विचारणारे पुष्कळ असतात. नावेत किती माणसे बसविली, जीवरक्षक जाकिटे सर्वांच्या अंगावर आहेत काय, हे विचारणारे थोडे. जून ते सप्टेंबर या काळात तर किनाऱ्यावर कोणी आग्रह केला तरीही पाण्यात उतरू नये.

प्रमाणपत्र मिळालेला तरुण काशीस परतला, तर आई विचारील, “मग आता गंगेत कोणी बुडाले तर तुला बोलावतील का रे?” त्याचे प्रामाणिक उत्तर, “नाही, आई” हेच असावयास हवे. ज्या परिस्थितीत शिक्षण झाले तशाच परिस्थितीत उतरण्याची मुभा त्याला मिळालेली असते : स्वच्छ पाणी, दिवसाउजेड, १८ मीटरांची मर्यादा, बरोबर सोबती. पावसाळ्यानंतरच्या गढूळ गंगेत स्वतःचा हातही दिसत नाही; तेथे नावांचे दोर असतात, ओढ असते, आणि शोध स्पर्शाने घ्यावा लागतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकरावी तुकडी वाराणसीस आहे; तिचे पाणबुडे यासाठी वेगळे शिक्षण घेतात. घाटावरचे मल्लाहही पिढ्यांच्या अनुभवावर हेच काम करीत आले आहेत. नवशिक्याने त्यांच्या कामात मध्ये न पडणे हीच मदत.

प्रमाणपत्रास मुदत नसते. तथापि वर्षभर पाण्यात उतरणे झाले नसेल, तर पुन्हा एकदा तलावात उजळणी करून घ्यावी. बरेच शिक्षक नोंदवही मागतात व शेवटच्या बुडीची तारीख पाहतात. ते कार्ड दाखवून लक्षद्वीप, अंदमान, गोव्याची बेटे किंवा कर्नाटकातील नेत्राणी येथे टाकी भाड्याने मिळू शकते. मराठी माणसाचे मन मात्र दुसऱ्याच एका नावाने वेधले जाते. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, भर समुद्रात, प्रवाळाचे एक विस्तीर्ण बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा सर्वांत उथळ माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. नवशिक्याचे प्रमाणपत्र १८ मीटरांवर संपते, आणि ३० मीटरांपर्यंत जाण्याची मुभा देणारा अभ्यासक्रम त्याच्या पुढचा आहे.